तीन नंबरच्या टाकीतला आंबा

नाकसाहेबांना काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकू. कुणाचं काय गेलं ते ओघाने येईलच. त्यांना विभागप्रमुख व्हायचं होतं. विभाग द्राक्षरसायन आणि किण्वनशास्त्राचा, म्हणजे वाइन कशी करावी हे शिकवणारा आणि ती कुणाला प्यायला मिळणार नाही याची काळजी घेणारा. प्रमुखपदाबरोबर खोली मिळणार होती, खोलीला दार, आणि दाराला आतून कडी. पगारात म्हणावा असा फरक नव्हता. पण साहेब आजवर दोन लोखंडी कपाटांच्या आडोशाला बसत आले होते, आणि त्यांचे साडू बँकेत काचेच्या केबिनमध्ये बसत. दर भेटीत साडू अगदी मायेने विचारायचे, "काय हो, दार मिळालं का?" हा प्रश्न बंद व्हावा म्हणून माणूस विज्ञानाची वाटेल ती सेवा करायला तयार होतो.

नाकसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते विभागाने दिलं होतं, आणि त्यात थट्टा कमी, आदर जास्त होता. टाकीचं झाकण उघडून साहेब वाकायचे, डोळे मिटायचे, "हं" म्हणायचे आणि सांगायचे, "हिला नत्र कमी पडतंय." मागाहून प्रयोगशाळेचा आकडाही तेच बोलायचा. एका पाहुण्या शास्त्रज्ञासमोरचा रिकामा पेला हुंगून त्यांनी पेले पुसणाऱ्याचं फडकं बदलायला लावलं होतं, ही गोष्ट दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच ऐकवली जाई. चाखणी समितीचे ते अध्यक्ष होते. समितीत प्रत्येक सदस्य आपलं मत मोकळेपणाने मांडत असे. फक्त साहेबांचं मांडून झाल्यावर.

यंदाचा प्रयोग साहेबांचा स्वतःचा होता. विद्यापीठाच्या बागेतल्या द्राक्षांच्या सालीवर आपोआप वाढणारं एक रानटी यीस्ट त्यांनी पकडलं, बशीत वाढवलं आणि तीन नंबरच्या टाकीत सोडलं. बागायतदार संघाने त्यासाठी आपली द्राक्षं दिली होती. शेजारच्या दोन नंबरच्या टाकीत विभागातल्या धाकट्या प्राध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत, त्यांचं वेगळं यीस्ट काम करत होतं. त्यांचा प्रयोग दोन हंगामांचा होता. एक झाला होता, दुसरा टाकीत होता. निवृत्तीला आलेले प्रमुख साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तीन नंबरमधून काहीतरी दाखवण्यासारखं काढा. मग खुर्ची कुठे जात नाही."

आणि नेमकी तेव्हाच साहेबांना सर्दी झाली. सर्दी साधीच होती, आली तशी गेली. जाताना मात्र वास घेऊन गेली.

हे कळलं ते असं. साहेब स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते, शेजारी शेगडीवर दूध उतू जाऊन करपलं, आणि बायको बाहेरून धावत आली.

"अहो! घर भरलंय धुराने. तुम्हाला वास येत नाही?"

"कसला?" साहेबांनी विचारलं, आणि विचारता विचारताच ते उठले. त्यांनी पातेल्यात तोंड घातलं. मग साबण हुंगला, मग केरोसीनची बाटली, मग स्वतःचे मोजे. सगळीकडे सारखीच शांतता.

सरळमार्गी माणसाने इथे रजा काढली असती. साहेबांनी प्रयत्न केलाच नाही असं नाही. आस्थापना विभागातल्या कारकुनाने आजारपणाचा अर्ज समोर ठेवला. त्यात डोळ्यांसाठी रकाना होता, कानांसाठी होता, दातांसाठी तर दोन होते.

"नाक कुठे लिहू?"

"नाक?" कारकून विचारात पडला. "नाकाला रकाना नाही, साहेब. 'इतर'मध्ये टाका. पण 'इतर' टाकलं की कागद वैद्यकीय मंडळाकडे जातो, आणि मंडळ विचारतं की या आजारामुळे कामात बाधा येते का." त्याने आदराने साहेबांच्या चेहऱ्याच्या मध्यभागी पाहिलं. "तुमच्या बाबतीत जरा जास्तच येईल, नाही?"

साहेबांनी अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. चार दिवसांचा प्रश्न आहे, येईल वास परत. तोवर गाजावाजा कशाला?

गाजावाजा मात्र आपोआप होतो. बायको समोरच्या काकूंशी बोलली, काकू जिन्याशी बोलल्या, आणि संध्याकाळपर्यंत इमारतीत नाकाचे सहा जाणकार तयार झाले. कुणी कांदा फोडून उशाशी ठेवायला सांगितलं, कुणी मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढायला सांगितलं. साहेबांनी ते घातलं, पण निघालं ते डोळ्यांतून. तळमजल्यावरचे निवृत्त विमाअधिकारी खास वर चढून आले आणि हळहळत म्हणाले, "पियानो वाजवणारे बोटांचा विमा उतरवतात. तुम्ही नाकाचा उतरवायला हवा होतात. आता काय, घर जळल्यावर..." काकूंचा उपाय सर्वांत सोपा होता: डोक्यावरून जाड टॉवेल घ्यायचा आणि उकळत्या पाण्याची वाफ. "आणि टॉवेल उघडायचा नाही हं. वाफ बाहेर गेली की गुण गेला."

हा टॉवेल लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढचं सगळं नुकसान त्याच्या आत झालं.

इकडे टाक्यांवर रोज अध्यक्षांचं मत हवं होतं. एरवी आम्ल मोजायचं काचेचं यंत्र होतं, पण त्याची नळी फुटली होती, आणि नव्या नळीसाठी खरेदी विभागाला तीन दुकानांची कोटेशनं हवी होती. तशी नळी विकणारी दुकानं मुळात दोनच होती. तेव्हा तिसरं दुकान उघडेपर्यंत विभागाचा सगळा भार एका नाकावर आला.

साहेबांनी मार्ग काढला. टाकीतला नमुना खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायचा, घरी न्यायचा, बायकोने हुंगायचा, आणि तिचं म्हणणं शास्त्रीय भाषेत करून दुसऱ्या दिवशी समितीला सांगायचं. आवाराबाहेर वाइन न्यायला परवाना लागे; खोकल्याच्या औषधाला लागत नसे. फाटकावरचा पहारेकरी रोज कळवळून म्हणायचा, "साहेब, अजून खोकला बरा नाही?" मग साहेबांना त्याच्यासाठी खोकून दाखवावं लागे.

बायकोचं नाक मात्र खरंच चांगलं होतं. अडचण तिच्या शब्दांची होती.

"हे ओल्या चादरीसारखं आहे," ती एका बाटलीबद्दल म्हणाली. "आणि हे कुणीतरी काडी पेटवून विझवल्यासारखं."

साहेबांनी समितीत सांगितलं, "एकमध्ये बुरशीची छटा. दोनमध्ये गंधक किंचित वर." समितीने माना डोलावल्या. मॅडम तर म्हणाल्या, "अगदी बरोबर, सर. मी कालच दोनला हवा दिली." त्या कौतुकाने साहेबांना लाज वाटली, पण थोडीच, तिची सवय व्हायला वेळ लागला नाही.

बायकोला मात्र त्रास झाला. काकूंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज संध्याकाळी एकच दृश्य दिसे: साहेब घाईघाईने येतात, खिशातून छोटी बाटली काढतात, आणि वहिनी दाराआड जाऊन ती नाकातोंडाशी धरतात. काकूंनी जिन्यात तिचा हात हातात घेतला. "होतं ग असं. मनावर घेतलंस तर सुटेल."

"माझी अब्रू चालली आहे तुमच्या नाकापायी!" बायको घरात येऊन कडाडली. "सांगा तुमच्या प्रमुखांना, वास येत नाही म्हणून. त्यात काय चोरी केलीय?"

"खुर्चीचा निर्णय होऊ दे. मग सांगतो."

"मग कशाला सांगाल?" ती म्हणाली. साहेब बाटली धुवायला उठले.

त्याच संध्याकाळी तीन नंबरचा नमुना आला. साहेब न्हाणीघरात टॉवेलखाली होते, कानांवर दुहेरी जाड कापड, पुढ्यात भांडं बुडबुडतंय. स्वयंपाकघरात कुकर होता. बायकोने बाटली उघडली, मान मागे घेतली आणि ओरडून सांगितलं, "आंबल्यासारखं येतंय हो!"

कुकरने शिट्टी दिली, आणि तिच्या शब्दातला 'ल' वाफेत विरघळला. टॉवेलखाली पोचलं ते एवढंच: आंब्यासारखं येतंय.

द्राक्षात आंबा! "नक्की?" साहेब टॉवेलमधून ओरडले.

"नक्की म्हणजे काय! चांगलंच!"

टॉवेल काढून, बाहेर येऊन एकदा विचारायला किती वेळ लागला असता? पण वाफ बाहेर गेली की गुण जाणार होता. आणि खरं सांगायचं तर साहेबांना जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. वाफ संपल्यावर त्यांनी बाटलीतला थेंब बोटाने जिभेला लावला तेव्हा तो आंबट लागला. पण कोवळी वाइन आंबटच असते, अशी त्यांनी जिभेची समजूत घातली. बायकोला म्हणाले, "तुझा शब्द फार कामी आला." तिला वाटलं, चला, बिघडलेली टाकी वेळेवर कळली.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे पेले मांडले गेले. साहेब वाकले, डोळे मिटले, "हं" म्हणाले, आणि जरा थांबून बोलले, "आंबा."

मग प्रमुखांनी पेला नाकाशी नेला. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि हळूहळू, सभ्यपणे, उलगडली. "आंबा," ते म्हणाले. "पिकलेला."

"सालीसकट," दुसरे सदस्य म्हणाले.

"मला तर पेटी उघडल्यासारखं वाटलं," तिसरे म्हणाले. त्यांना पुढच्या वर्षी परदेशी परिषदेला जायचं होतं आणि साहेबांची शिफारस हवी होती.

मॅडमनी पेला दोनदा हुंगला. खाली ठेवला, पुन्हा उचलला. "सर, माफ करा. मला व्हिनेगरचा वास येतोय. टाकीत हवा शिरली असेल. आज थांबवलं तर निदान..."

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी त्या क्षणी आपल्याजवळ काय आहे ते चाचपून पाहिलं. एका बाजूला स्नानगृहात ऐकलेला एक शब्द. दुसऱ्या बाजूला समोर बसलेलं, चालू स्थितीतलं नाक. ते प्रेमळपणे हसले.

"मॅडम, तुम्हाला सर्दी झालीय."

"नाही, सर."

"सुरुवातीला कळत नाही. मी ओळखतो ना." आणि ते खरंच ओळखत होते, वाक्यातला तेवढाच भाग खरा होता. "आठ दिवस समितीतून विश्रांती घ्या. अशा नाकाने मत देणं शास्त्राला धरून नाही."

मॅडमनी रुमाल काढला, नाक पुसलं नाही, रुमाल तसाच पर्समध्ये ठेवला आणि उठून गेल्या.

पुढे सगळं भराभर झालं. प्रमुखांनी कुलगुरूंना कळवलं, कुलगुरूंनी समारंभ ठरवला. पाहुण्यांच्या मानाने आंबा कमी पडेल म्हणून प्रमुखांनीच सुचवलं, "दोन नंबरची वाइन तीनमध्ये मिसळा. दोन टाक्यांचा आंबा होईल." साहेब म्हणाले, "दोन नंबर मॅडमचा प्रयोग आहे." हे ते म्हणाले, याची नोंद घ्यायला हवी. पण एकदाच म्हणाले, आणि हळू म्हणाले. पाइप जोडला गेला तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या. दोन नंबरची टाकी रिकामी होताना शेवटी जो घुटक्यांसारखा आवाज आला, तो ऐकून साहेब उगाचच पंपाचा स्क्रू आवळायला वाकले.

समारंभाला कुलगुरू होते, बागायतदार संघाचे अध्यक्ष होते, साडू होते, साडूंच्या सौभाग्यवती होत्या, आणि साहेबांची बायको नवी साडी नेसून पहिल्या रांगेत होती. प्रमुखांच्या भाषणात आंबा सतरा वेळा तरी आला. बायकोने शेजारी बसलेल्या बहिणीला अभिमानाने सांगितलं, "दुसरी टाकी असेल ग. एक बिघडली होती, ती मीच पकडली."

पेले फिरले. कुलगुरूंनी हुंगलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चमकून गेलं, पण ते अनुभवी प्रशासक होते. "वा," ते म्हणाले. "अगदी स्पष्ट."

"कच्चा म्हणायचा की पिका?" संघाच्या अध्यक्षांनी डोळे बारीक करत विचारलं. ते बागायतदार होते, त्यांना थेट बोलता येत होतं, पण समोर कुलगुरू होते.

"मधला," प्रमुख म्हणाले.

मग पेला बायकोपर्यंत पोचला. तिने नाकाशी नेला आणि मान झटक्याने मागे घेतली.

"अहो!" ती मोठ्याने म्हणाली. घरात टॉवेलच्या पलीकडे बोलून बोलून तिचा आवाज चढला होता. "ही तीच की! मी सांगितलं नव्हतं का तुम्हाला, आंबल्यासारखं येतंय म्हणून?"

सभागृहात एकाच वेळी बरेच पेले खाली ठेवल्याचा आवाज झाला.

आंबल्यासारखं. साहेबांच्या कानात तो 'ल' आत्ता पोचला. आणि गंमत अशी, की तो शब्द उच्चारला गेला मात्र, सभागृहातल्या प्रत्येक नाकाला व्हिनेगरचा वास यायला लागला. "मला आधीपासून शंका होती," परिषदेला जाणारे सदस्य म्हणाले. संघाचे अध्यक्ष उभे राहिले. "द्राक्षं आमची," ते म्हणाले, "आंबा तुमचा. आता हे व्हिनेगर कुणाचं, तेवढं सांगा."

साडू साहेबांजवळ आले. काही विचारलं नाही, फक्त पाठीवर थोपटलं. ते थोपटणं प्रश्नापेक्षा वाईट होतं.

कुलगुरूंनी लगेच चौकशी समिती नेमली. ती नेमली की निम्मी चौकशी झाली असं मानतात. समितीत प्रमुख होतेच. हवा कशी शिरली? तीन नंबरच्या झाकणाची रबरी कड नीट बसली नव्हती. झाकणं रोज कोण तपासायचं? साहेब वाफ घेण्यासाठी लवकर घरी जात असत, तेव्हा दोन्ही टाक्यांवर कोण थांबायचं? मॅडम.

"पण मॅडमनीच पहिल्यांदा सांगितलं होतं..." साहेबांनी सुरुवात केली.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," प्रमुख म्हणाले. "माहीत असून झाकण लावलं नाही?" मग ते मऊ आवाजात म्हणाले, "हे बघा, 'आंबा' लिहिलेल्या चाखणीच्या तक्त्यावर आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत. तुमच्या घरच्यांनी समारंभात काय म्हटलं ते मी ऐकलेलंच नाही. मी एवढंच विचारतो: झाकणाची हयगय झाली असेल का?"

इथे सांगायचं होतं. माझं नाक सर्दीपासून मेलेलं आहे, आंबा मी टॉवेलखाली ऐकला, आणि खोलीत ज्यांना वास येत होता त्यांना मी बाहेर काढलं. तीन वाक्यं. साहेबांनी तोंड उघडलं, आणि त्यातून इतक्या वर्षांच्या नोकरीत मुरलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं.

"तशी शक्यता नाकारता येत नाही."

कारकुनाने ते लिहून घेतलं. 'नाकारता' या शब्दात नाक आहे, हे साहेबांच्या लक्षात आलं. आणि असल्या वेळी असलं काही सुचावं याची त्यांना आणखी लाज वाटली.

मॅडमची बदली आवाराच्या दुसऱ्या टोकाला, माती परीक्षणात झाली. दोन हंगामांची तुलना एका हंगामावर होत नाही, म्हणून त्यांचा प्रयोग 'सामग्रीअभावी' बंद झाला.

साहेबांना राहवलं नाही. ते प्रमुखांकडे गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: नाक, बाटल्या, कुकर. प्रमुखांनी शांतपणे ऐकलं.

"तुमचं नाक गेलं होतं," ते म्हणाले. "बरं. मग आम्हाला आंबा कसा आला?"

साहेबांनी दाराच्या कडीकडे पाहिलं.

"तुम्ही खरं बोलून मोकळे व्हाल. आमचं काय? अहवाल गेलाय वर. आता घरी जा, आणि पुढच्या महिन्यात खुर्ची सांभाळा."

मग साहेब मातीकडे गेले. मॅडम लांबलचक टेबलाशी मातीच्या पुड्या उघडत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "या ना, सर. चहा सांगू?" त्या 'सर'मध्ये खोच असती तर बरं झालं असतं, नव्हती.

साहेबांनी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त कठीण गेलं.

"माहीत होतं मला," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या कपाटामागे उंदीर मेला होता ना? आम्ही सगळे रुमाल धरून ये-जा करत होतो. तुम्ही तिथेच डबा उघडून निवांत जेवत होतात."

"सगळ्यांना कळलं होतं?"

"नाही. बाकीच्यांना तो तुमचा संयम वाटला."

साहेबांना हसू आलं, आणि अर्ध्यातच गेलं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"म्हटलं, सर स्वतःच सांगतील." त्यांनी पुढची पुडी उघडली, चिमूटभर माती बोटांत चुरगळली. "मी वाट बघत होते, सर. पाइप जोडेपर्यंत बघत होते."

"मी प्रमुख झालो की तुम्हाला परत घेतो. समितीत, विभागात, पुन्हा टाकी देतो."

"नको. इथे बरं आहे. माती काय म्हणते त्याला कुणाचं अनुमोदन लागत नाही." मग त्यांनी चहा मागवला, आणि साहेबांना तो पूर्ण प्यावा लागला.

आता हिशेब. बागायतदार संघाची एका हंगामाची द्राक्षं गेली. बायकोने घरात कसल्याही वासाबद्दल बोलणं सोडलं. दूध करपलं तरी ती मुकाट्याने खिडकी उघडते, आणि काकूंना अजून वाटतं की तिने मनावर घेतल्यामुळे ते सुटलं. मॅडमची दोन वर्षं गेली. साडूंनी नवी खोली पाहिली, कडी लावून पाहिली, काढून पाहिली, आणि पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. राहिले नाकसाहेब. त्यांचा वास गेला होता, तोही हळूहळू परत आला. दार लावून बसले की ते हा हिशेब पहिल्यापासून मांडतात, आणि इतका वेळ मांडूनही, आपण स्वतः काय किंमत भरली, ती त्यांना सापडत नाही.